शिक्का, मोर्तब आणि ओटीपी

एखादी गोष्ट पक्की झाली की आपण तिच्यावर 'शिक्कामोर्तब झाले' असे म्हणतो. हा जोडशब्द वापरून वापरून इतका गुळगुळीत झाला आहे की त्यात दोन निरनिराळ्या वस्तू आहेत याचे भान आता उरलेले नाही. मोडी कागद हाताळलेल्यांना ते ठाऊक असते. शिवकालीन किंवा पेशवेकालीन राजपत्रावर प्रारंभी मोठा शिक्का उमटवीत. पत्र कोणाचे, हे तो सांगे. मजकूर जेथे संपे तेथे दुसरी लहान मुद्रा उमटवीत. तिला मोर्तब म्हणत. मजकूर येथे संपला, याखाली कोणी एक ओळ वाढविली तर ती आमची नव्हे, हे ती सांगे. पत्र कोणाचे आहे, आणि त्याने नेमके काय कबूल केले आहे, असे हे दोन वेगळे प्रश्न असून त्यांच्यासाठी दोन वेगळ्या मुद्रा होत्या. बँकेच्या आजच्या व्यवहारातील ओळख-पडताळणी समजून घेण्यासाठी याहून सोपे उदाहरण आम्हाला सुचत नाही.

स्मरणिकेत आठवणी असाव्यात, गौरव असावा, हे आम्हालाही मान्य आहे. परंतु आपल्या निवासी विद्यालयातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरात बँकेत शिल्लक टाकणारी ही पहिलीच पिढी आहे. शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या खात्यात येते, आईचे निवृत्तिवेतन खात्यात येते, ऊसतोडीची उचलसुद्धा आता काही ठिकाणी मोबाइलवर येते. पैसा घरात आला आणि त्याच दाराने चोरही आला. म्हणून या विषयावर सविस्तर लिहावे असे ठरविले.

ओळख पटविण्याचे मार्ग जगात कोठेही गेलो तरी तीनच. एक, जे आपणांस ठाऊक आहे : पिन, पासवर्ड. दुसरा, जे आपल्याजवळ आहे : कार्ड, मोबाइल, सिम. तिसरा, जे आपण स्वतः आहोत : अंगठ्याचा ठसा, चेहरा, डोळ्यातील बुबुळ. यांपैकी एकच पुरावा मागितला तर तो चोरणे सोपे. दोन निरनिराळ्या प्रकारचे पुरावे मागितले तर चोराला दोन निरनिराळ्या चोऱ्या कराव्या लागतात. कार्ड खिशातून काढता येते, पण डोक्यातला पिन काढता येत नाही. 'दुहेरी पडताळणी' या भारदस्त शब्दामागे एवढाच साधा विचार आहे. येथे एक खुलासा केला पाहिजे. दोन पासवर्ड विचारले म्हणजे दुहेरी पडताळणी झाली नाही. दोन्ही एकाच प्रकारचे असल्याने जो एक चोरतो तो दुसराही चोरतो.

या बाबतीत आपला देश मागे नव्हता, ही नोंद इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्ही अवश्य करू. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २००९ मध्ये आदेश काढला आणि त्याच वर्षी १ ऑगस्टपासून कार्ड समोर न दाखविता होणाऱ्या ऑनलाइन खरेदीस कार्डावर छापलेल्या आकड्यांखेरीज आणखी एक पुरावा सक्तीचा केला. आपल्या परिचयाचा ओटीपी घरोघर पोहोचला तो यातून. युरोपीय संघात अशी सक्ती लागू झाली ती सप्टेंबर २०१९ मध्ये, आणि ब्रिटनमध्ये तिची पूर्ण अंमलबजावणी मार्च २०२२ मध्ये. परदेशी संकेतस्थळांवर मात्र आपले कार्ड अनेकदा ओटीपीवाचून चालून जाते. म्हणूनच २०२० साली रिझर्व्ह बँकेने कार्डाचा ऑनलाइन वापर आणि परदेशी वापर स्वतः बंद-चालू करण्याची, मर्यादा घालण्याची सोय देणे बँकांना बंधनकारक केले. ज्याला परदेशी खरेदी करावयाची नाही त्याने ते बटण बंद ठेवावे. बँकेच्या अ‍ॅपमध्ये दोन मिनिटांचे काम आहे.

एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आले आणि त्याच वर्षी ३० डिसेंबरला 'भीम' अ‍ॅप. त्याचे नाव बाबासाहेबांवरून ठेवले आहे, हे त्या वेळी पंतप्रधानांनीच सांगितले. आपल्या वस्त्यांमध्ये तेव्हा झालेला आनंद आम्हाला आठवतो. तो रास्तच होता. मात्र १९२३ साली लंडनहून 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' प्रसिद्ध करणाऱ्या बाबासाहेबांचे नाव ज्या साधनाला आहे, ते साधन आतून कसे चालते हे न समजता वापरणे आपल्याला शोभत नाही.

ते असे चालते. अ‍ॅप सुरू करताना आपल्या सिमवरून एक संदेश आपोआप बँकेकडे जातो. त्यावरून हा क्रमांक, हे सिम आणि हा फोन एकत्र बांधले जातात. म्हणून दुसऱ्याच्या फोनवर तुमचे यूपीआय उघडत नाही. हा झाला 'जवळ असलेला' पुरावा. त्यावर आपण टाकतो तो यूपीआय पिन. हा 'ठाऊक असलेला' पुरावा. आणि या दोहोंच्या मध्ये, पिन टाकण्यापूर्वी, पडद्यावर एक ओळ येते : पैसे कोणाच्या नावे जात आहेत आणि किती. ही ओळ म्हणजे आजचे मोर्तब. दुर्दैवाने तीच सर्वांत कमी वाचली जाते.

आता थोडे अंगठ्याविषयी. 'अंगठाबहाद्दर' हा शब्द आपल्या आजोबा-पणजोबांनी किती वेळा ऐकला असेल, याची मोजदाद नाही. ज्यांना अक्षराच्या जवळ जाऊ दिले नाही, त्यांना अक्षर येत नाही म्हणून हसण्याची ती रीत होती. पण हाच अंगठा पुढे विज्ञानाने डोक्यावर घेतला, आणि तेही याच देशात. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून कराराच्या कागदावर हाताचा ठसा उमटवून घेतला. पुढे त्याने सही नाकारू नये, हा हेतू. १८९७ साली कलकत्त्यास अंगुलिमुद्रांचे कार्यालय स्थापन झाले. ठशांची वर्गवारी करण्याच्या ज्या पद्धतीला एडवर्ड हेन्रीचे नाव मिळाले, तिच्या गणितामागे अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस हे दोन भारतीय होते. काम एकाचे, नाव दुसऱ्याचे, हे आपल्याला नवे नाही.

तोच अंगठा आज गावोगावच्या सेवा केंद्रात, बँक मित्राच्या टेबलावरच्या छोट्या यंत्रावर टेकविला जातो. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि ठसा एवढ्यावर खात्यातून रोख मिळते. ज्या आजीला पिन लक्षात राहत नाही, तालुक्याला जायला एसटी मिळत नाही, तिच्यासाठी ही सोय मोठी आहे, आणि तिची आम्ही टवाळी करणार नाही. पण तराजूत घालून पाहू. आधार क्रमांक गुप्त नाही; त्याच्या झेरॉक्स आपण सिमकार्डापासून लॉजपर्यंत वाटलेल्या असतात. म्हणजे खरा पुरावा उरला तो एकच, ठसा. आणि ठशाला दोन व्याधी आहेत. वीटभट्टीवर, उसाच्या फडात, कापूस वेचण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांच्या बोटांच्या रेषाच झिजलेल्या असतात. यंत्र त्यांना 'तुम्ही तुम्ही नाही' असे सांगून परत पाठविते. ज्यांनी सर्वाधिक कष्ट केले त्यांचीच ओळख पटत नाही, हा प्रकार आम्हाला केवळ तांत्रिक वाटत नाही. दुसरी व्याधी अशी की पिन फुटला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. खरेदीखतांवरील ठशांच्या नकला करून खात्यांतून पैसे काढल्याचे गुन्हे देशात घडलेले आहेत.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या आईच्या बाबतीत तर नकलेचीही गरज पडली नाही. "मावशी, अंगठा लागत नाही, पुन्हा लावा," असे म्हणत यंत्रचालकाने तीनदा अंगठा घेतला, हातावर एकदाचेच पैसे ठेवले. मुलगा पुण्याहून दिवाळीला आला, त्याने पासबुक भरून घेतले तेव्हा उलगडा झाला. मावशींची ओळख तिन्ही वेळा बरोबरच पटली होती. पण काय चालले आहे, हे त्यांना एकदाही कळले नव्हते. अशा वेळी यंत्रातून निघणारी पावती मागावी, ती शेजारच्या शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्यावी, आणि ज्यांना ही सोय लागत नाही त्यांनी आधारच्या अ‍ॅपमधून किंवा संकेतस्थळावरून आपली बायोमेट्रिक माहिती कुलूपबंद ठेवावी. हवी तेव्हा ती उघडता येते.

मावशींची ही हकीकत आम्हाला पुणे जिल्ह्यातील सुप्याकडे घेऊन जाते. १२ मे १८७५ रोजी तेथील शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि कर्जरोखे बाहेर काढून जाळले. दंग्याचे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. इतिहासात त्यास 'दख्खनचे दंगे' म्हणतात. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की लोकांचा मुख्य रोख कागदावर होता. का? कारण कागदावरची निशाणी खरी होती. नांगराची खूण त्याचीच, अंगठाही त्याचाच. खोटा होता तो वरचा मजकूर, किंवा खरा असला तरी त्याला कोणी वाचून दाखविला नव्हता. न्यायालयात सावकार रोखा पुढे करी, न्यायाधीश विचारी, "ही निशाणी तुझी काय?" शेतकरी म्हणे, "होय." खटला संपला. ओळख पटली की संमती सिद्ध झाली, असे ते न्यायशास्त्र होते.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. प्रथम तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. कर्जमाफीच्या चर्चेत त्याचे नाव निघते, पण आम्हाला त्यातील तीन तरतुदी फार मोलाच्या वाटतात. शेतकऱ्याने करून द्यावयाचा दस्तऐवज गावच्या निबंधकासमोरच झाला पाहिजे. त्याने माणसाची ओळख पटवून घ्यावी, आणि मजकूर मोठ्याने वाचून दाखविल्यानंतरच निशाणी घ्यावी. दुसरे, सावकाराने पावती द्यावी, हिशेबाचे पासबुक द्यावे. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, न्यायालयाने केवळ निशाणी पाहून न थांबता रोख्याच्या मागे जावे व व्यवहार मुळात कसा झाला याची चौकशी करावी. कायदा परक्या सरकारचा, त्याच्या उणिवाही पुष्कळ. पण शिक्का आणि मोर्तब यांतला फरक त्याला कळला होता.

आज आपण जेथे उभे आहोत तेथे हा फरक पुन्हा विसरला जात आहे, असे आमचे मत आहे. वीस वर्षांपूर्वीचा चोर तुमचे सोंग घेऊन बँकेत जाई. पडताळणी कडक झाली तसे ते सोंग महाग पडू लागले. मग त्याने युक्ती बदलली. आता तो तुमचे सोंग घेत नाही. बँकेचे, वीज कंपनीचे, पोलिसाचे सोंग घेऊन तुमच्याकडे येतो आणि तुमचा शिक्का तुमच्याच हाताने उमटवून घेतो. "बिल थकले आहे, रात्री वीज तोडू." "तुमच्या नावाचे पार्सल पकडले आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका." ज्याला 'डिजिटल अरेस्ट' म्हणतात तसा कोणताही प्रकार भारताच्या कायद्यात नाही, फोनवर कोणालाही अटक होत नाही. कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका किंवा वाहनाचे चलन म्हणून एपीके फाइल पाठवितो. ती उघडली की फोनमध्ये येणारे ओटीपी परस्पर त्याच्याकडे जाऊ लागतात. कोणी "पैसे पाठवितो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका" म्हणतो. यूपीआय पिन पैसे देण्यासाठी असतो. घेण्यासाठी तो कधीही लागत नाही. एवढे एक वाक्य प्रत्येक घरात ठाऊक असले तरी हा शेवटचा प्रकार थांबेल.

ओटीपीचे दुबळेपण येथेच आहे. तो सहा अंकी आकडा तोंडाने सांगता येतो. शिवाय संदेशात बहुधा 'कोणाला सांगू नका' हे ठळक असते आणि 'इतके रुपये अमक्याला जात आहेत' हे घाईत नजरेतून सुटते. त्यातून आपल्या आईवडिलांच्या फोनवर तो संदेश इंग्रजीत. वाचून न दाखविलेला रोखाच तो! युरोपातील नियमाची एक गोष्ट आम्हाला यासाठी आवडते की तेथे दूरस्थ व्यवहाराचा संकेत रक्कम व घेणारा यांच्याशी बांधलेला असतो. यांपैकी काहीही बदलले की तो निकामी होतो. रिझर्व्ह बँकेने २५ सप्टेंबर २०२५ रोजी नवे निर्देश काढले आणि १ एप्रिल २०२६ ही त्यांच्या अंमलाची तारीख ठरविली. त्यांत किमान दोन पुरावे कायम असून, कार्ड समोर दाखवून होणारे व्यवहार वगळता, एक पुरावा त्याच व्यवहारापुरता ताजा निर्माण झालेला हवा. एसएमएस ओटीपी बंद केलेला नाही, पण बँकांना इतर मार्ग मोकळे केले आहेत, आणि नेहमीपेक्षा वेगळा व्यवहार दिसल्यास अधिक तपासणी करता येईल असे म्हटले आहे. निर्देश न पाळल्यामुळे ग्राहकाचे नुकसान झाले तर बँकेने ते पूर्ण भरून द्यावयाचे आहे.

हे स्वागतार्ह आहे. तरीही एक बोच राहते. पुरावा जितका बळकट, तितका तो ग्राहकाविरुद्धही बळकट होतो. "पिन तुम्हीच टाकला ना?" हा बँकेच्या खिडकीतला प्रश्न आणि "निशाणी तुझी काय?" हा न्यायालयातला प्रश्न यांत आम्हाला फारसे अंतर दिसत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने सिद्धतेचा भार बँकेवर टाकला, ही त्याची मोठी बाजू. पण ग्राहकाने स्वतः गुप्त आकडा सांगितला असेल तर बँकेला कळविण्याच्या क्षणापर्यंतचे नुकसान त्याचेच, असेही त्यात आहे. ज्याला भीती घालून, फसवून आकडा वदवून घेतला, त्याची ती संमती म्हणावी काय? १८७९ च्या कायद्याप्रमाणे रोख्याच्या मागे जाणारी दृष्टी येथे हवी, आणि ती मागण्याचा अधिकार आपल्या वकील झालेल्या विद्यार्थ्यांनी बजावावा.

मुलांशीही आम्हाला एका बाबतीत स्पष्ट बोलावयाचे आहे. शहरातील वसतिगृहांत, खोल्यांवर राहणाऱ्या मुलांकडे हल्ली काही लोक येतात. "तुझे खाते महिनाभर दे, पासबुक, एटीएम, सिम आमच्याकडे ठेव, पाच-दहा हजार घे." गरज असते, मित्राने दिलेले असते, मुलगा देतो. त्या खात्यात कुणा दुसऱ्या मावशीचे लुटलेले पैसे येतात आणि तासाभरात पुढे जातात. पोलीस मागोवा घेत येतात तेव्हा कागदोपत्री सापडतो तो खातेदार, कारण ओळख-पडताळणी त्याचीच झालेली असते. खाते गोठते, शिष्यवृत्ती अडकते, आणि नोकरीच्या चारित्र्य पडताळणीच्या वेळी गुन्हा समोर येतो. पालक बंधू-भगिनींनी हे मुलांना दहावीच्या सुट्टीतच सांगावे. खाते भाड्याने देणे म्हणजे स्वतःचे नाव भाड्याने देणे, आणि ज्या नावासाठी आपल्या मागच्या पिढ्या झगडल्या ते इतके स्वस्त नाही.

फसवणूक झालीच तर वेळ हीच खरी संपत्ती. प्रथम १९३० या क्रमांकावर फोन करावा. पैसे पुढच्या खात्यात पोहोचून रोख होण्यापूर्वी ते अडविता येतात, पण तासांच्या हिशेबात, दिवसांच्या नव्हे. लगेच बँकेला कळवून खाते, कार्ड, यूपीआय बंद करावे. २०१७ च्या परिपत्रकानुसार बँकेकडून संदेश आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळविले, आणि चूक बँकेची किंवा ग्राहकाचीही नसून व्यवस्थेतील इतर कोठली असेल, तर ग्राहकावर काहीही दायित्व नाही. ४ ते ७ दिवस लागले तर शून्य शिलकीच्या मूलभूत बचत खात्यास कमाल ५,००० रुपये आणि साध्या बचत खात्यास १०,००० रुपयांपर्यंत झळ सोसावी लागते. त्यापुढे बँकेच्या धोरणावर सोपविलेले आहे. चूक बँकेचीच असेल तर उशिराचेही बंधन नाही.

मावशींच्या प्रकरणात मुलाने तोंडी तक्रार केली आणि शाखेत त्याला "चौकशी करतो" एवढेच उत्तर मिळाले. पंधरा दिवसांनी विचारावयास गेला तेव्हा तक्रार कोठेही नोंदलेली नव्हती. म्हणून फोनवर बोललो तरी लेखी अर्ज द्यावा. मराठीत द्यावा, तारीख घालावी, व्यवहाराची वेळ व रक्कम लिहावी. तक्रार क्रमांकासह पोच देणे त्या परिपत्रकाने बँकेवर बंधनकारक केले आहे. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यास शुल्क नाही, वकील लागत नाही. मात्र अर्जासोबत बँकेकडे केलेल्या पहिल्या तक्रारीची पोच जोडावी लागते.